तीन चुळा

महामायेनं गरम पाण्यानं अर्धा भरलेला रेडिएटर फडक्यात गुंडाळून छातीशी धरला आणि जोरजोरात हलवायला सुरुवात केली. वर, खाली, मग आडवा, मग उलटा. आतलं पाणी बारीक नळ्यांमधून या टोकाचं त्या टोकाला आदळत होतं आणि तिच्या दंडांना झटके बसत होते. एका भरण्याला शंभर हिसके, असा तिचा नेम होता. शंभरावा हिसका झाल्यावर तिनं बूच उघडलं आणि परातीवर ताणून बांधलेल्या पांढऱ्या फडक्यावर पाणी ओतलं. फडक्यावर काळे कण राहिले, कथलाचे दोन बारीक मणी राहिले आणि थोडा हिरवट चिकटा.

"अजून घाण हाय, बा," ती म्हणाली.

"असू दे. हितं निघाली ती बरी. पंपात जाऊन बसली असती म्हंजे?"

तिचे वडील, नरसिंग मिस्तरी, पलीकडं उकिडवे बसून एका ट्रकच्या रेडिएटरला डाग देत होते. नांदेडच्या देगलूर नाक्यावर त्यांचं हे दुकान चाळीस वर्षांचं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, ज्याचं इंजिन तापेल त्यानं नरसिंगकडं यावं, असा रिवाजच पडून गेला होता. कॉम्प्युटरलाही रेडिएटर असतो हे मात्र नाक्यावरच्या लोकांना अजून खरं वाटत नसे. महामाया विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकली तेव्हा तिला हे कळलं. दिवसभर व्हिडिओ जोडणारी मोठी मशीनं इतकी तापतात की त्यांच्यातून पाणी फिरवावं लागतं, आणि पाणी आलं की गाळ आलाच. मित्राचा एक रेडिएटर तिनं धुऊन दिला, मग त्याच्या मित्राचा. आता लातूरहून, उदगीरहून एसटीच्या पार्सलनं खोकी यायची.

ट्रकचा रेडिएटर मिस्तरी कॉस्टिकच्या टाकीत बुडवत. हे नाजूक काम तसं चालत नसे. ते लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत ठेवायचं, मग सोड्याचं पाणी, मग बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, आणि प्रत्येक वेळी शंभर हिसके. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं की नाही हे बघायला महामायेकडं रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या. पण पट्टीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, जिभेवर बसतो. मिस्तरी चाळीस वर्षं तेच करत आले होते. शेवटचं पाणी पेल्यात घ्यायचं, गिऱ्हाइकासमोर बोट बुडवून जिभेला लावायचं आणि थुंकायचं. आंबट लागलं तर सत्व राहिलंय, तुरट लागलं तर सोडा राहिलाय. काहीच लागलं नाही तर घेऊन जा, बापा. आणि एखाद्या गाडीचं पाणी गोड लागलंच, तर ते पाणी नव्हे, इंजिन थंड ठेवायचं कूलंट आहे. ते विष. मग नुसतं थुंकून भागत नाही, लगेच तीन चुळा भरायच्या. पोरीला पट्ट्या वापरता येत असोत की नसोत, एवढं त्यांनी तिला नीट शिकवलं होतं.

मे महिन्यातले दुपारचे बारा वाजले होते. नाक्यावरचा डांबरी रस्ता पायाला चिकटत होता. तेवढ्यात एक पांढरी जीप दुकानासमोर अशी काही येऊन थांबली की शेजारचा पंक्चरवाला शिव्या द्यायला म्हणून उठला आणि जीपमधून उतरणारा माणूस बघून परत बसला.

उतरणारा माणूस रामलिंग. उदगीरकडच्या किशनरावांचा थोरला मुलगा. ऐंशी एकर रान, आणि उदगीरच्या बाजारपेठेत लग्नाच्या फिल्मा जोडायचा स्टुडिओ. त्याच्या मागून संगप्पा उतरला. स्टुडिओतलं मशीन तोच चालवायचा, आणि महिन्यापूर्वी रेडिएटर धुवायला घेऊन आला होता तोही तोच. त्या दिवशी त्यानं चहा घेतला होता, गप्पा मारल्या होत्या. आज तो मान वर करत नव्हता.

रामलिंगच्या एका हातात चाकाचे बोल्ट उघडायची टामी होती आणि दुसऱ्या हातात रेडिएटर. तो रेडिएटर त्यानं महामायेच्या टेबलावर फेकला. लिंबूसत्वाची बरणी आडवी होऊन खाली पडली आणि फुटली.

"तूच धुतलीस न्हवं हे?"

"हाव. मीच," महामाया म्हणाली.

"मालक, बसा," मिस्तरी हात पुसत उठले. "काय झालं ते सांगा. पाणी घ्या आधी."

"पाणी प्यायला न्हाई आलो मी तुझ्याकडं!"

मग त्यानं सांगितलं, म्हणजे ओरडला. आज सकाळी कारखान्याच्या चेअरमनच्या मुलीचं लग्न होतं. साखरपुड्यापासूनची फिल्म मांडवात मोठ्या पडद्यावर लावायची होती. ऐन वेळी मशीनचा पंप बसला, आतलं कार्ड जळालं, फिल्म गेली. पडदा काळाच राहिला आणि चेअरमनच्या भावानं चारशे माणसांसमोर रामलिंगच्या कानाखाली जाळ काढला.

आता चेअरमनच्या भावाला उलटून मारायची काही रामलिंगची छाती नव्हती. कारखान्याला ऊस त्यालाही घालायचा होता. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं होतं, आणि वांगं शंभर किलोमीटरवर नांदेडात होतं. तेवढं अंतर त्यानं त्याच लग्नातल्या कपड्यांत, त्याच गालानं तोडलं होतं. उतरेल म्हणावं तर राग वाटेत उतरला नव्हता, चढला होता.

"पंप उघडून बघितला आम्ही. आत लिबलिबीत गाळ हाय. तुझ्या धुण्यातला गाळ!"

"मालक, मी सोता चाखून दिला होता तो. हा संगप्पा समोर होता. इचारा ना त्याला..."

मिस्तरींचं वाक्य पुरं झालं नाही. रामलिंगनं त्यांच्या कानफटात ठेवून दिली. आवाज असा झाला की पलीकडच्या रंगाऱ्यानं हातातली फवारणी थांबवली. मिस्तरींचा चष्मा उडून ट्रकच्या रेडिएटरखाली गेला. साठीचा माणूस, भिंतीला धरून खाली बसला आणि कानावर हात ठेवून तसाच राहिला.

महामायेच्या हातात हातोडी कधी आली हे तिलाही कळलं नाही. तिचा राग नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होता. एका ट्रकवाल्यानं एकदा तिच्या ओढणीला हात लावला होता, त्याच्या बोटावर तिनं पाना मारला होता. हातोडी घेऊन ती दोन पावलं पुढं आली. रामलिंगनं टामी खांद्यावर घेतली. तो हसला, कारण त्याला हेच हवं होतं.

"माया," मिस्तरी खालून म्हणाले. "ठेव ते."

"बा..."

"ठेव म्हणलं ना!"

तिनं हातोडी टेबलावर ठेवली. हात मात्र शिवशिवत राहिले.

रामलिंगला मिळालेली संधी गेली तेव्हा त्यानं सामानावर राग काढला. गळती बघायच्या काचेच्या टाकीवर टामी बसली आणि टाकीचं पाणी दुकानभर पसरलं. दाब मोजायचं मीटर फुटलं. धुऊन, पुसून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले लातूरचे तीन रेडिएटर त्यानं एकेक करून उचलले आणि जमिनीवर आपटले. पातळ जाळ्या चेपून बसल्या. तिसरा आपटताना तो धापा टाकत होता. दुकानासमोर आता पंधरावीस माणसं उभी होती. पंक्चरवाला होता, रंगारी होता, चहावाला होता. सगळे मिस्तरींचे जुने सोबती. उंबऱ्याच्या आत मात्र एकानंही पाय टाकला नाही.

"आता मशीनचे पैसे..." असं काहीतरी रामलिंग म्हणाला आणि त्याला खोकला आला.

महामायेनं तेवढ्यात त्याचा रेडिएटर उचलला. दोन्ही तोंडांना बुचं होती आणि आत द्रव डुचमळत होता. तिनं स्टीलचा पेला घेतला, बूच काढलं आणि सगळं पेल्यात ओतलं. हिरवंगार, दाट, तळाशी जेलीसारखे तुकडे. पेला गळ्यापर्यंत भरला.

"काय करून राहिलीस?" रामलिंग म्हणाला.

"बघून राहिले. कुणाचा गाळ हाय ते."

तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोड. चहाच्या कपाच्या तळाशी राहिलेल्या साखरेसारखं गोड.

ती थुंकली. कोपऱ्यातल्या नळाशी गेली आणि तिनं चूळ भरली. एक. मग दुसरी. मग तिसरी. तोंड पुसत वळली तेव्हा तिची नजर संगप्पावर गेली. संगप्पाची पाचावर धारण बसली होती. तो नळाकडं बघत होता, मग पेल्याकडं, मग तिच्याकडं, आणि त्याची मान अगदी थोडी, नकळत नाही म्हणत होती. सांगू नको. बाई, पाया पडतो, सांगू नको.

सगळा उलगडा त्या एका चेहऱ्यावर झाला. मशीनमध्ये घालायचं कंपनीचं पाणी सांडलं असेल, संपलं असेल, देव जाणे. रामलिंगच्या शेडमधल्या ट्रॅक्टरच्या डब्यातलं कूलंट यानं मशीनमध्ये ओतलं होतं. रंग तोच हिरवा, म्हणून कुणाला कळलं नाही. आधीच्या पाण्याशी ते फाटलं, जेली झाली, पंपात बसली. धुण्याशी ह्याचा काही संबंध नव्हता. चोर मालकाच्या मागं उभा होता आणि फाशी बापाला चालली होती.

मिस्तरी भिंतीला धरून उठत होते. कानातून बारीक रक्त आलं होतं.

"मालक, एक मिनिट," ते म्हणाले. "पोरगी काय म्हणती ते ऐकून घ्या..."

आणि महामायेनं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात रामलिंगनं वळून मिस्तरींच्या छातीत लाथ घातली. नीट, नेम धरून, बुटासकट. मिस्तरी ट्रकच्या रेडिएटरवर जाऊन पडले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. श्वासच येत नव्हता.

"तुमच्या लोकांना मशीनला हात लावू दिला, थितंच चुकलो मी," रामलिंग म्हणाला. हे मात्र तो ओरडून बोलला नाही. सहज बोलला, घरात बोलतो तसं.

महामायेचं उघडलेलं तोंड मिटलं. ह्या माणसाचा जीव जावा, असं तिला वाटलं. रागात माणसं म्हणतात तसं उगाच नव्हे. खरोखर जावा, इथं जावा, आपल्या डोळ्यांदेखत जावा. आणि असं वाटण्याची तिला लाज वाटली नाही.

"ह्यात काय घातलं होतं तुमी?" तिनं विचारलं. तिचा आवाज एकदम शांत झाला होता.

"कंपनीचं पाणी. बाहेरून मागवलेलं, बाटलीबंद. बाटलीवर लिहिलंय, बिनविषारी. लेकरू पिलं तरी काय होत न्हाई."

"खरं?"

"मी खोटं बोलतो?"

"मग पिऊन दाखवा," महामाया म्हणाली आणि पेला त्याच्यापुढं धरला. "एवढे लोक हायेत. माझ्या धुण्याचं काय त्यात असलं तर जीभ पोळंल तुमची. नसलं तर कळंल सगळ्यांना. प्या की, साहेब."

बाहेरची माणसं पुढं सरकली. कुणीतरी मोबाइल वर केला. सकाळीच चारशे माणसांसमोर गालावर हात ठेवून उभा राहिलेला माणूस, आता वीस माणसांसमोर एका बाईनं दिलेलं आव्हान कसं सोडील? रामलिंगनं टामी टेबलाला टेकवली आणि तिच्या हातातून पेला घेतला. तो ओठांच्या दिशेनं गेला आणि वाटेत थांबला.

त्यानं पाण्याकडं बघितलंच नाही. त्यानं पेल्याकडं बघितलं. पेल्याच्या कडेवरून त्याचा अंगठा एकदा फिरला. ह्या घरच्या पेल्याला तोंड लावायचं, एवढीच शंका त्याला आली, दुसरी कुठलीच नाही.

"संगप्पा," तो म्हणाला. "गाडीतनं माझा थर्मास आण."

संगप्पा हलला नाही.

"बहिरा झालास का रे?"

संगप्पा गेला. जीपपर्यंत दहा पावलं, परत दहा पावलं. त्यानं थर्मासचं झाकण काढून दिलं.

"अण्णा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या ना, अण्णा. घरी जाऊ."

"का?"

सांगितलं तर संगप्पाची नोकरी जाईल, हाडं मोडतील. न सांगितलं तर काय होईल ते त्याला पेल्यात दिसत होतं. त्याला आणि महामायेला, दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही गप्प होते. एक भीतीनं आणि एक रागानं.

रामलिंगनं पेल्यातलं हिरवं पाणी झाकणात ओतलं. झाकण मोठं होतं, जवळजवळ सगळं मावलं. त्यानं ते लोकांना दिसेल असं वर धरलं. महामाया त्याच्या गळ्याकडं बघत होती. तिथली घाटी कशी खालीवर होईल ते ती बघणार होती. तिला आत कुठंतरी 'बोल' असं ऐकू येत होतं आणि ती बोलत नव्हती.

खाली पडलेले मिस्तरी मात्र मघापासून पोरीकडं बघत होते. छाती धरून, तोंड उघडून, श्वास ओढायची धडपड करत. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक हात वर केला, कुणी बघितला नाही. मग ते गुडघ्यावर आले, टेबलाचा पाय धरून उभे राहिले आणि झाकण रामलिंगच्या ओठाला लागता लागता त्यांनी सगळा जोर लावून त्यावर हात मारला.

झाकण भिंतीवर जाऊन आदळलं. हिरवं पाणी रामलिंगच्या लग्नातल्या पांढऱ्या शर्टावर उडालं.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग रामलिंगनं टेबलाला टेकवलेली टामी उचलून घातली. मिस्तरींनी उजवा हात आडवा केला होता म्हणून डोकं वाचलं. मनगटातून आलेला आवाज बाहेर चहावाल्यापर्यंत गेला. दुसरा घाव घालायला रामलिंगनं टामी उचलली तेव्हा महामाया मध्ये शिरली आणि त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी लोंबकळली. त्यानं तिला झटकलं. ती पुन्हा लोंबकळली.

"गोड," मिस्तरींना श्वास सापडला होता. "गोड हाय ते, मालक. ट्रॅक्टरचं हाय. पिऊ नका."

रामलिंगचा हात वरच राहिला.

"काय?"

"कूलंट हाय. पेलाभर पिले असते तर मेले असते."

ट्रॅक्टरचं कूलंट चाटून जनावर कसं मरतं, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको होतं. रामलिंगनं शर्टावरचा हिरवा डाग बोटानं चोळला, बोट नाकाशी नेलं. मग तो वळला. संगप्पा आधीच गुडघ्यांवर बसला होता.

"बाटली फुटली होती, अण्णा. लग्नाचं काम अडलं होतं. रंग सारखाच होता, अण्णा, आई शप्पत..."

पुढं जे झालं ते बघायला महामाया उभी राहिली नाही, पण ऐकू सगळं आलं. रामलिंगनं संगप्पाला गचांडीला धरून रस्त्यावर काढलं. तुडवण्याचे आवाज आले, संगप्पाचं ओरडणं आलं, मग ओरडणं थांबलं आणि तुडवणं थोडा वेळ चालू राहिलं. मग त्याला जीपमध्ये कोंबल्याचा आवाज आला आणि दार वाजलं. दुकानातल्या दोन माणसांकडं रामलिंगनं पुन्हा वळूनही पाहिलं नाही. माफी तर सोडाच. ज्या हातानं त्याला वाचवलं तो त्यानंच मोडला होता, आणि त्याचं त्याला काही वाटलं असेल तर ते जीपमधून उदगीरला निघून गेलं.

आता मात्र सगळे उंबरा ओलांडून आत आले. चहावाला पाणी घेऊन आला. रंगारी काचा गोळा करायला लागला. "केस करा मिस्तरी, आम्ही साक्ष देतो," असंही कुणीतरी म्हणालं.

"जरा भाइर व्हा सगळे," मिस्तरी म्हणाले.

सगळे गेल्यावर महामायेनं ओलं फडकं त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळलं. मनगट सुजून काळंनिळं व्हायला लागलं होतं. मिस्तरींनी हूं की चूं केलं नाही. ते तिच्याकडं एकटक बघत होते. चष्मा नव्हता, तरी त्यांना चांगलं दिसत असावं.

"तीन चुळा भरल्यास तू," ते म्हणाले.

महामायेनं फडक्याची गाठ मारली.

"मी बघत होतो. तीन."

"हाव."

"म्हंजे कळलं होतं तुला."

"हाव."

"तरी पी म्हणालीस त्याला."

"त्यानं तुमाला लाथ घातली, बा. छातीत. बुटानं," ती म्हणाली. तिचा आवाज आता फुटला. "मरू द्यायचा होता मला त्याला. तुमी कशाला..."

मिस्तरींचा डावा हात उठला आणि तिच्या गालावर बसला. सगळ्या जोरानिशी. चौतीस वर्षांत ह्या माणसानं तिच्यावर कधी बोट उगारलं नव्हतं. शाळेत नापास झाली तेव्हा नाही, नवऱ्याचं घर सोडून परत आली तेव्हाही नाही. महामायेचं डोकं टेबलाच्या फळीवर आपटलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

"चाखलं ते सांगायचं," मिस्तरी म्हणाले. "कुणाचं का असंना. दुसरं काय शिकवलं मी तुला?"

महामायेनं त्यांचा चष्मा ट्रकच्या रेडिएटरखालून काढला, पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण त्यांनी मनगट हळू हातानं तपासलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, कानातलं रक्त पुसलं.

"मारहाण आहे. पोलिसांना कळवावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. "मारणाऱ्याचं नाव?"

मिस्तरी भिंतीकडं बघत राहिले.

"रामलिंग किशनराव," महामाया म्हणाली. "उदगीर. टामीनं मारलं. आदुगर कानफटात, मग छातीत लाथ, मग टामी. वीस माणसांनी बघितलंय."

मिस्तरींनी तिला अडवलं नाही. डॉक्टर लिहीत गेले. उजवं मनगट, छातीची डावी बाजू, डावा कान. लिहिता लिहिता त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. गालावर चार बोटं उठली होती, कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"आणि तुमच्या गालावर? हे पण त्यानंच ना?"

उत्तराची वाट न बघता त्यांचा पेन पुढं सरकला होता. बाईवर हात टाकला म्हटलं की केसचं वजन वाढतं, हे महामायेला ठाऊक होतं. एक 'हाव' पुरे होता. रामलिंगनं मारलेल्या इतक्या माराच्या यादीत आणखी एक चापट कुणाच्या लक्षातही आली नसती. मिस्तरींनी भिंतीवरची नजर काढली होती आणि ते तिच्या तोंडाकडं बघत होते.

"न्हाई," ती म्हणाली. "ते लिहू नका. ते घरचं हाय."

डॉक्टरांनी लिहिलेला शब्द खोडला आणि मिस्तरींना एक्स-रेच्या खोलीकडं न्यायला सांगितलं.